वर्डप्रेसच्या ॲडमिनला स्वतःची थीम द्यायची आहे: रंग, मराठी अक्षरं आणि खरेदी केंद्रावरचा मोबाइल

कापूसपट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वर्डप्रेस साइटचं काम हाती आहे. गावोगावच्या खरेदी केंद्रांवरून कापूस, सोयाबीन आणि तुरीची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर भरले जातात. त्यासाठी ‘बाजारभाव’ नावाचा वेगळा पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार) आहे. भरणारी पोरं-पोरी बहुतेक मोबाइलवरूनच काम करतात. स्क्रीन साधारण ३६० पिक्सेल रुंद, रेंज कधी आहे कधी नाही, आणि लाइन गेली की केंद्रावरचा राउटरही बंद.

ॲडमिनची, म्हणजे लॉगिन करून काम करायच्या आतल्या पानांची, भाषा मराठी ठेवली आहे. अडचणी अशा:

मेनूतली मराठी नावं दोन-दोन ओळींत मोडतात, वरच्या पट्टीत वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात. साइटवर आधीपासून एक सीएसएस (रंगरूप ठरवणारी) फाइल आहे, तिच्यात जिथे तिथे ‘इम्पॉर्टंट’ (बाकीचे नियम दाबणारा शब्द) लावलेलं आहे. ती चालू असली की मेनूतल्या चिन्हांच्या जागी चौकोन दिसतात. केंद्रावरच्या माणसाला पोस्ट, कमेंट, साधनं हे मेनू नकोच आहेत. आणि कंपनीला संत्र्याचा नारिंगी रंग हवा आहे.

तयार ॲडमिन थीमची प्लगइन्स पाहिली, पण ती जड वाटतात. स्वतःचं छोटं प्लगइन लिहायचं तर सुरुवात कुठून करावी? कोणत्या गोष्टींना हात लावू नये?

---

वर्धेकाठ

भाऊ, पहिले जागा ठरवा. हा कोड चालू थीमच्या फंक्शन्स.पीएचपी फाइलमध्ये टाकू नका. उद्या साइटची थीम बदलली की ॲडमिनचं रूपही जाईल. वेगळं प्लगइनच करा. काही जण ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डर सुचवतील, कारण तिथलं प्लगइन ॲडमिनमधून कोणाला बंद करता येत नाही. पण तिथे फक्त मुळातली पीएचपी फाइल आपोआप चालते, उपफोल्डरमधली चालत नाही. शिवाय ॲक्टिव्हेशन हुक (प्लगइन सुरू करताना एकदाच चालणारा कोड) तिथे चालतच नाही. तुम्हाला केंद्रासाठी वेगळा रोल (अधिकारांचा संच) लागणार, म्हणून सध्या साधं प्लगइन बरं.

रंगासाठी सीएसएसची मारामारी नको. वर्डप्रेसनं रंगयोजना नोंदवायला फंक्शन दिलेलं आहे: डब्ल्यूपी_ॲडमिन_सीएसएस_कलर. ते ‘ॲडमिन_इनिट’ हुकवर (ठराविक वेळी आपला कोड चालवायला वर्डप्रेसनं दिलेली जागा) बोलवा. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: योजनेची की, दिसणारं नाव, सीएसएस फाइलचा यूआरएल, प्रोफाइल पानावर नमुना म्हणून दिसणाऱ्या रंगांची यादी, आणि चिन्हांचे तीन रंग (बेस, फोकस, करंट). पाचवी गोष्ट लोक सोडून देतात. मग ज्या प्लगइन्सचं मेनूचिन्ह एसव्हीजी आहे, त्यांचं चिन्ह तुमच्या रंगाशी जुळत नाही.

सगळं हातानं लिहायची गरज नाही. डब्ल्यूपी-ॲडमिनमधल्या सीएसएस/कलर्स फोल्डरमध्ये ‘ब्लू’, ‘कॉफी’ वगैरे योजनांच्या सॅस फाइली (कंपाइल केल्यावर त्यांची सीएसएस बनते) असतात. त्यातली एक आपल्या प्लगइनमध्ये आणा, बेस, आयकॉन, हायलाइट आणि नोटिफिकेशन हे रंग बदला, कंपाइल करा. मेनू, बटण, सूचना, निवडलेली ओळ, सगळ्यांचे नियम त्यातून तयार होऊन येतात. तुमची फाइल आधीच्या योजनेच्या जागी लागते, तिच्यावर चढत नाही, हे ध्यानात ठेवा. दोनच ओळी लिहिल्या तर बाकीचं वर्डप्रेसच्या मूळ रंगांतच राहील.

नारिंगीबद्दल: #एफएफ८सी०० हा झगझगीत नारिंगी घेतला आणि त्यावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट २.३ ला १ इतकाच येतो. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ पाहिजे. जिनिंगच्या आवारात भर उन्हात मोबाइल धरला की ते बटण वाचता येणार नाही. #सी२४१०सी च्या आसपासचा गडद नारिंगी घ्या, त्यावर पांढऱ्या अक्षरांना ५ च्या वर कॉन्ट्रास्ट मिळतो. झगझगीत रंग फार तर लोगोला ठेवा.

योजना सगळ्यांना सक्तीची करायची असेल तर ‘गेट_यूजर_ऑप्शन_ॲडमिन_कलर’ या फिल्टरमधून (वापरण्याआधी मूल्य बदलू देणारी जागा) तुमची की परत करा आणि प्रोफाइल पानावरचा रंगनिवडीचा भाग ‘रिमूव्ह_ॲक्शन’ने काढा. नाहीतर माणूस रंग निवडतो, जतन करतो आणि काही बदलत नाही.

ब्लॉक एडिटर (मजकूर लिहायचं पान) मात्र बराचसा रंग सीएसएस व्हेरिएबलमधून घेतो: --डब्ल्यूपी-ॲडमिन-थीम-कलर, त्याचाच आरजीबी भाग, आणि १० व २० टक्के गडद छटांची दोन व्हेरिएबल्स. तुमच्या योजनेत ही बॉडीवर ठरवली नाहीत तर बाहेर मेनू नारिंगी आणि एडिटरमधलं ‘प्रकाशित करा’ बटण निळंच.

---

अक्षरजोड

चौकोनांचं कारण सांगते. त्या फाइलमध्ये तारका सिलेक्टरवर (*, म्हणजे सगळे घटक) आणि त्याच्या ‘::बिफोर’वर फॉन्ट लावलेला असणार, तोही इम्पॉर्टंटसकट. मेनूतली चिन्हं ‘डॅशआयकॉन्स’ नावाच्या फॉन्टमधली अक्षरंच असतात. तुमचा फॉन्ट त्यांच्यावर चढला की त्या कोडला त्यात आकृती नसते आणि चौकोन उमटतो. फॉन्ट फक्त बॉडी, इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया, बटण आणि शीर्षकांवर लावा. इम्पॉर्टंट काढून टाका.

वेबफॉन्ट उतरवायचाच कशाला, हाही विचार करा. अँड्रॉइडवर देवनागरीसाठी नोटो घराण्याचा फॉन्ट असतोच. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय आहे, त्याआधीच्या मशीनवर मंगल. फॉन्टच्या यादीत ही नावं क्रमानं दिली की काम भागतं आणि कमी रेंजमध्ये एक फाइल वाचते. तरीही मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट हवाच असेल तर वॉफ२ फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा आणि तिला युनिकोड-रेंज द्या: यू+०९०० ते ०९७एफ, त्याबरोबर यू+२००सी-२००डी आणि रुपयाचं चिन्ह यू+२०बी९. ते २००सी-२००डी गाळू नका, जोडाक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं तिथे आहेत. फॉन्ट छोटा करणारी काही साधनं जोडाक्षरांची कोष्टकंच उडवतात. म्हणून तयार फाइलवर ‘शेतकऱ्यांच्या’, ‘वऱ्हाड’, ‘क्विंटल’, ‘दर्यापूर’ हे चार शब्द टाकून बघा. ‘ऱ्य’ मोडला असेल तर लगेच दिसेल.

आता कापलेल्या मात्रा. वरची पट्टी ३२ पिक्सेल उंच आहे, आणि तिची लाइन-हाइट एककाशिवाय दिलेली आहे: १३ पिक्सेलच्या अक्षराला बरोबर ३२ येईल इतकी. तुम्ही अक्षर १५ केलं की ओळ ३७ पिक्सेलच्या आसपास जाते, पट्टी ३२ चीच राहते, आणि मजकूर खाली सरकतो. म्हणून पट्टीत अक्षर वाढवलं तर लाइन-हाइट सरळ ३२ पिक्सेल लिहा. ७८२ पिक्सेल आणि त्याखालच्या स्क्रीनवर पट्टी ४६ ची होते, तिथे ४६. पट्टीची उंची मात्र बदलू नका. तिच्याशी एचटीएमएलची वरची पॅडिंग बांधलेली आहे, आणि इतर प्लगइन्सही ३२ आणि ४६ हेच आकडे धरून चालतात.

मेनूत अक्षर १५ पिक्सेल आणि लाइन-हाइट १.५ ठेवली तर ‘र्‍हस्व-दीर्घ’ वेलांट्या नीट बसतात. लेटर-स्पेसिंग कुठे असेल तर शून्य करा, देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते.

हे सगळं फक्त मराठीतल्या ॲडमिनला लागू करायचं असेल तर वेगळा वर्ग (सीएसएस क्लास) घालायची गरज नाही. ॲडमिनच्या बॉडीवर वापरणाऱ्याच्या भाषेचा वर्ग आधीच असतो: ‘लोकेल-एमआर’. आवृत्ती ४.७ पासून प्रत्येकाला प्रोफाइलमध्ये आपली भाषा निवडता येते. म्हणजे कंपनीचा हिशेबनीस इंग्रजीत आणि केंद्र मराठीत, असं दोन्ही चालतं.

आणि स्वतःचा वर्ग घालायची वेळ आलीच तर: ‘ॲडमिन_बॉडी_क्लास’ हा फिल्टर स्ट्रिंग देतो, ॲरे नाही. साइटच्या दर्शनी बाजूचा ‘बॉडी_क्लास’ ॲरे देतो, त्यामुळे गफलत होते. आपला शब्द आधी एक रिकामी जागा सोडून जोडा, नाहीतर तो शेजारच्या वर्गाला चिकटतो आणि दोन्ही निकामी होतात.

---

कापूसपट्टा

दोघांचेही आभार. रंगयोजना लागली, चौकोन गेले. आता दोन गोष्टी. मेनू १६० ऐवजी २०० पिक्सेल रुंद केला, तर मोठ्या स्क्रीनवर ब्लॉक एडिटरची डावी कड मेनूखाली जाते. आणि नको असलेले मेनू सीएसएसनं ‘डिस्प्ले नन’ करून लपवले तर चालेल काय? सोपं वाटते म्हणून विचारतो.

---

पैनगंगेपल्याड

नाही चालणार. ‘डिस्प्ले नन’ केलं तरी पत्ता टाकला की पान उघडते. ‘रिमूव्ह_मेनू_पेज’ वापरलं तरी तेच. तेही फक्त यादीतून नाव काढते, दार बंद करत नाही. दार बंद होते ते अधिकारानं. ॲडमिन थीमच्या कामात हीच गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते, आणि केंद्रावरचा मोबाइल दहा हातांत फिरत असल्यावर ती राहून चालत नाही.

क्रम असा ठेवा. पोस्ट टाइप नोंदवताना ‘कॅपॅबिलिटी_टाइप’मध्ये एकवचन-अनेकवचनाची आपली जोडी द्या आणि ‘मॅप_मेटा_कॅप’ ट्रू करा. मग ‘केंद्र’ नावाचा रोल बनवा आणि त्याला ‘रीड’, बाजारभाव लिहायचे-प्रकाशित करायचे अधिकार, आणि पावतीचा फोटो चढवत असतील तर ‘अपलोड_फाइल्स’, एवढंच द्या. साध्या पोस्टचे अधिकारच नसले की पोस्ट, कमेंट आणि साधनं हे मेनू आपोआप जातात. दुसऱ्या प्लगइनचं जे उरेल, ते ‘ॲडमिन_मेनू’ हुकवर ९९९ अशी मोठी प्रायॉरिटी (चालायचा क्रम) देऊन ‘रिमूव्ह_मेनू_पेज’नं काढा. प्रायॉरिटी कमी ठेवली तर दुसऱ्या प्लगइनचा मेनू तुमच्यानंतर येतो आणि राहतो.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, अधिकारांची वेगळी जोडी दिली की खुद्द प्रशासकालाही बाजारभाव दिसेनासा होतो, कारण त्याच्याकडे ते नवे अधिकार नसतात. त्याच्या रोललाही ते द्या. दुसरं, ‘ॲड_रोल’ डेटाबेसमध्ये लिहिते. रोल एकदा तयार झाला की कोडमध्ये यादी बदलून काही होत नाही, जुनीच यादी चालते. म्हणून हे ॲक्टिव्हेशन हुकमध्ये ठेवा. बदल करायचा असेल तर ‘ॲड_कॅप’ वापरा किंवा ‘रिमूव्ह_रोल’ करून पुन्हा बनवा.

डॅशबोर्डवरून ‘डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप’मध्ये बातम्यांचा चौकोन (डॅशबोर्ड_प्रायमरी), झटपट मसुदा आणि साइट हेल्थ काढा. बातम्यांचा चौकोन बाहेरून फीड आणतो, केंद्राला त्याचा काही उपयोग नाही. त्याजागी ‘आजचा भाव भरा’ असं एकच मोठं बटण असलेलं विजेट द्या. किंवा ‘लॉगिन_रीडायरेक्ट’ फिल्टरनं थेट भरण्याच्या पानावर न्या. त्या फिल्टरचं तिसरं आर्ग्युमेंट नेहमी वापरकर्ता नसते. लॉगिनचं पान नुसतं उघडलं तरी फिल्टर चालतो आणि तिथे एररचा ऑब्जेक्ट येतो. त्याच्यावर ‘हॅज_कॅप’ बोलावलं की फेटल एरर येऊन लॉगिनचं पानच बंद. आधी तो डब्ल्यूपी_यूजर आहे का ते तपासा.

‘वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली, प्रशासकाला कळवा’ ही पट्टी केंद्राच्या माणसाला दाखवायची गरज नाही. ‘अपडेट_कोअर’ अधिकार नसलेल्यांसाठी ‘ॲडमिन_नोटिसेस’वरून ‘अपडेट_नॅग’ काढा, प्रायॉरिटी ३. सगळ्याच सूचना मात्र सीएसएसनं लपवू नका. ‘जतन झालं’ हेही तिथेच दिसते, आणि ते दिसलं नाही की माणूस पुन्हा भरतो, एका दिवसाचे दोन भाव पडतात.

एक आणखी. हार्टबीट (ब्राउझर ठराविक वेळानं सर्व्हरशी बोलत राहतो ती सोय) बंद करून वेग वाढवा असा सल्ला सगळीकडे सापडेल. तो इथे घेऊ नका. लाइन जाऊन आल्यावर लॉगिन संपल्याची सूचना, दोघं एकच नोंद उघडून बसले तर कुलूप, नॉन्स (फॉर्मच्या सुरक्षेची खूण) ताजे करणं, हे सगळं हार्टबीटवर चालते. ‘हार्टबीट_सेटिंग्ज’ फिल्टरमध्ये अंतर ६० सेकंद ठेवा, पुरते.

---

वर्धेकाठ

रुंदीचं उत्तर माझ्याकडून. मेनूची रुंदी एका जागी नाही, सहा-सात जागी आहे: ॲडमिनमेनू, त्याची पार्श्वभूमी, त्याचं आवरण, डब्ल्यूपीकंटेंट आणि फूटरचा डावा मार्जिन, उपमेनू उडून येतो त्याचं ‘लेफ्ट’, आणि एडिटरच्या ‘इंटरफेस-स्केलेटन’चं ‘लेफ्ट’. शेवटचं राहिलं म्हणून तुमचा एडिटर मेनूखाली जातो. तो पूर्ण-पडदा मोडमध्ये असताना मेनू नसतोच, तेव्हा ते शून्यच राहू द्या. सगळे नियम ९६१ पिक्सेल आणि त्यावरच्या मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीच्या अटीत) ठेवा आणि ‘फोल्डेड’ (मेनू मिटलेला) वर्ग नसतानाच लावा. ७८३ ते ९६० मध्ये मेनू आपोआप आकसून ३६ चा होतो, तिथे २०० घुसवलं की पानाची डावी बाजू झाकली जाईल.

खरं सांगायचं तर मी हे करणार नाही. वर्डप्रेसच्या पुढच्या आवृत्तीत यातली एक जागा बदलली की पुन्हा शोधाशोध. मेनूचं नावच छोटं करा. ‘सर्वसाधारण बाजारभाव नोंदणी’ऐवजी ‘बाजारभाव’. पोस्ट टाइपच्या लेबल्समध्ये ‘मेनू_नेम’ वेगळं देता येतं, पानावरचं मोठं नाव तसंच राहतं.

फाइल जोडताना ‘ॲडमिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स’ हुक वापरा, अवलंबन म्हणून ‘कलर्स’ हे हँडल (फाइलचं नोंदवलेलं नाव) द्या म्हणजे तुमची फाइल रंगांनंतर लागेल आणि इम्पॉर्टंटची गरज पडणार नाही. आवृत्तीच्या जागी ‘फाइलएमटाइम’ द्या. त्याला सर्व्हरवरचा मार्ग लागतो, यूआरएल नाही. हे नसलं की तुम्ही सीएसएस बदलता आणि केंद्रावरच्या मोबाइलमध्ये जुनीच फाइल कॅशमधून येत राहते. या हुकला पानाचं नाव मिळतं, त्यावरून बाजारभावाच्या पानापुरती जड स्क्रिप्ट फक्त तिथेच जोडा.

ब्लॉक एडिटरच्या आत, म्हणजे लिहायच्या जागेत, फॉन्ट लागला नाही तर गोंधळू नका. ती जागा बऱ्याचदा आयफ्रेममध्ये (पानाच्या आतलं वेगळं पान) असते, ॲडमिनची सीएसएस आत पोचत नाही. तिथे ‘एन्क्यू_ब्लॉक_ॲसेट्स’ हुकवर, ‘इज_ॲडमिन’ तपासून, वेगळी फाइल जोडा. तुमच्या बाजारभावाला मात्र ब्लॉक एडिटर कशाला पाहिजे? पाचच चौकटी आहेत. पोस्ट टाइपच्या ‘सपोर्ट्स’मधून ‘एडिटर’ काढा, साधा मेटाबॉक्स (आपल्या चौकटींचा खोका) ठेवा. पान हलकं होईल.

---

अक्षरजोड

मेटाबॉक्स ठेवणार असाल तर आकड्यांचं नीट बघा, कारण इथे चूक झाली की दिसायला पान छान आणि भाव खोटा.

मराठी कीबोर्डवरून माणूस ‘७२५०’ देवनागरीत टाकतो. पीएचपीचं ‘फ्लोटव्हॅल’ देवनागरी अंक ओळखत नाही, शून्य साठवतं. इंग्रजी अंकांत स्वल्पविराम टाकून सात हजार दोनशे पन्नास लिहिलं तर ते स्वल्पविरामाशी थांबतं आणि फक्त ७ साठवतं. कोणतीही चूक दाखवली जात नाही. जतन करताना आधी ‘एसटीआरटीआर’नं दहाही देवनागरी अंक इंग्रजीत बदला, स्वल्पविराम आणि रिकाम्या जागा काढा, मग आकडा आहे का ते तपासा, नसेल तर जतन करू नका. किमान दर कमालपेक्षा जास्त असेल तर तिथेच अडवा.

चौकटीचा प्रकार ‘नंबर’ ठेवला तर ब्राउझर देवनागरी अंक घेईलच असं नाही, मग माणसाला वाटतं कीबोर्ड बिघडला. प्रकार ‘टेक्स्ट’ आणि ‘इनपुटमोड’ डेसिमल ठेवा. मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो. चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा कमी करू नका, आयफोनवर त्याखाली चौकटीला हात लावताच पान मोठं होतं. वर्डप्रेस छोट्या स्क्रीनवर १६ ठेवतं ते याचसाठी.

दाखवताना वर्डप्रेसचं ‘नंबर_फॉरमॅट_आय१८एन’ तीन-तीन अंकांचेच गट करतं, सव्वा लाख १२५,००० असं येतं. सर्व्हरवर पीएचपीचं इन्टल एक्स्टेन्शन असेल तर ‘नंबरफॉरमॅटर’ला एमआर_आयएन द्या, १,२५,००० मिळेल, तेही देवनागरी अंकांत. यादी दरानुसार लावायची असेल तर ‘मेटा_व्हॅल्यू_नम’ वापरा, नुसत्या ‘मेटा_व्हॅल्यू’नं ९०० हा ७२५० च्या वर जातो.

---

पैनगंगेपल्याड

मोबाइलवरच्या यादीचं राहिलं. ७८२ पिक्सेलच्या खाली वर्डप्रेस फक्त मुख्य रकाना दाखवते, बाकीचे बाण दाबल्यावर उघडतात. केंद्राचा माणूस बाण दाबत बसणार नाही. सीएसएसनं रकाने उघडे करण्यापेक्षा शीर्षकच आपोआप बनवा: ‘डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट_डेटा’ फिल्टरमध्ये तारीख, पीक आणि सर्वसाधारण दर जोडून शीर्षक लिहा, ‘१४ नोव्हेंबर, तूर, ७,२५०’ असं. मग ‘सपोर्ट्स’मधून ‘टायटल’ही काढता येते, भरणाऱ्याचं एक काम कमी. फिल्टरमध्ये पोस्ट टाइप तपासायला विसरू नका, नाहीतर साइटवरचं जे पान कोणी जतन करेल त्याचं शीर्षक बदलेल.

तपासणी प्रशासकाच्या खात्यातून करू नका. खासगी विंडोत केंद्र रोलचं खातं उघडा, रुंदी ३६० करा आणि पोस्ट, कमेंट, सेटिंग्ज या पानांचे पत्ते हातानं टाकून बघा. ‘परवानगी नाही’ आलं पाहिजे. मग भरता भरता डेटा बंद करून जतन दाबा, पुन्हा चालू करा, काय उरते ते बघा. आपल्या मेटाबॉक्समधलं ऑटोसेव्हमध्ये जात नाही, म्हणून चौकटींतलं टाइप केलेलं लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत) ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि यशस्वी जतन झाल्यावरच ते पुसा.

आणि प्लगइन चढवण्याआधी एफटीपीचा किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरचा पासवर्ड कंपनीकडून घेऊन ठेवा. फेटल एरर आली तर आवृत्ती ५.२ पासून वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरीची लिंक पाठवते, पण तो ईमेल कोणी उघडतच नसेल तर उपाय एकच: प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं. ते सापडलं नाही की वर्डप्रेस त्याच्याशिवाय चालू होते. आत जाऊन प्लगइनची यादी उघडली की ते बंद म्हणून नोंदलं जाते. दुरुस्ती करून फोल्डरला जुनं नाव द्या आणि तिथूनच पुन्हा सुरू करा.